उजव्या पंखाचं काम चालू आहे

४ जानेवारी, रविवार

आजपासून रोज लिहिणार. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासते, त्यांच्या चुकांभोवती लाल गोल करते, आणि स्वतःची एक ओळ कुठे नाही. हे बरोबर नाही.

बाबांच्या हाताने फेकायच्या छोट्या विमानाचे पंख आणि शेपूट मी करायचं, असं आज जेवताना ठरलं. म्हणजे मी ठरवलं. विमानाचं धड बाबांनी दोन वर्षांपूर्वीच बाल्साच्या लाकडात करून ठेवलंय. पंख राहिले ते राहिलेच, आणि आता त्यांना ब्लेड धरवत नाही. परवा डॉक्टरांनी कंपवाताची गोळी पुन्हा वाढवली. बाबा वरणभात कालवताना म्हणाले, उजवा हात ऐकतोय तोवर एकदा मनोरीच्या समुद्रकाठच्या वाळूत उभं राहून स्वतः फेकायचंय, बस, मग काही नाही.

अनय लगेच म्हणाला, त्यात काय, थर्माकोलचे पंख कापतो, एका संध्याकाळचं काम. चारकोपच्या गाळ्यात दिवसभर दुकानांच्या पाट्या कापणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षा नाही. धाकटा भाऊ म्हणून फक्त एवढंच म्हटलं, की बाल्साच्या धडाला थर्माकोल म्हणजे पैठणीला नायलॉनची लेस. त्याची बायको दीप्ती त्याच्याकडे बघून हसली. बाबा काही बोलले नाहीत. आमच्या घरात बाबा बोलले नाहीत म्हणजे पटलं.

तारीख ठरली: १ फेब्रुवारी, रविवार. दीप्ती मनोरीला एक कॉटेज बुक करणार आहे.

चार रविवार आणि रोज संध्याकाळी एक तास. भरपूर.

५ जानेवारी, सोमवार

अनयला एक गोष्ट कधी कळणार नाही. माझी पहिली शाळा म्हणजे बाबांचं ड्रॉइंगचं टेबल. बालवाडीच्या आधी मला फूटपट्टी वाचता येत होती. बाबा ड्राफ्ट्समन, चाळीस वर्षं एकाच कारखान्यात, आणि सुट्टीच्या दिवशी विमानं. मी शेजारी स्टुलावर बसून टाचण्या द्यायचे. अनय त्याच टेबलाखाली झोपायचा.

शिष्य कोण, हे सांगायची गरज नसते.

६ जानेवारी, मंगळवार

ऑफिसात शेजारच्या रुचिराला सांगितलं. तिने विचारलं, अगं पण उडणार ना? हा प्रश्न लोकांना आधी कसा सुचतो? मी म्हटलं, नीट बनवलेली वस्तू नीटच चालते. आमची औषधांची कंपनी आहे, तिलाही हे माहीत असायला हवं.

११ जानेवारी, रविवार

सोनाराचा काटा ऑनलाइन मागवला होता, आला. आठवडाभर त्याची वाट पाहण्यात गेला, पण काट्याशिवाय सुरुवात करणं म्हणजे अंदाजपंचे.

आज पंखाच्या फासळ्या, म्हणजे आतल्या आडव्या पट्ट्या, कापल्या. एका पंखाला नऊ. बाल्सा इतकं हलकं लाकूड की शिंकले तर चार फासळ्या सोफ्याखाली गेल्या. प्रत्येकीचं वजन केलं. अठरांपैकी अकरा बाद. कुठे पाव ग्रॅमचा फरक, कुठे कडेचा बारीक टवका निघालेला.

बाबा म्हणाले, अगं एवढं कोण बघतं, पॉलिश पेपर मार दोनदा आणि लाव. वयाने माणूस सैल होतो. मी वाईट वाटून घेतलं नाही.

१२ जानेवारी, सोमवार

बाद फासळ्या आठवणीने मधोमध मोडून टाकल्या. बाद माल नष्ट करायचा असतो, नाहीतर चुकून वापरला जातो. आईने विचारलं, कसला राग आलाय?

१४ जानेवारी, बुधवार

पंखांवर चढवायला पतंगाचा कागद लागतो. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सगळे पतंग उडवत होते, आणि त्यांच्यात मी एकटीच अशी की जिला कागद कशासाठी हवा हे ठाऊक आहे. पिवळा घेतला. वीस ताव. लागणार तीन.

बाबांना तिळगूळ दिला तर हातातून सांडला. ते हसून म्हणाले, गोड बोलायचं राहिलंच. आईने सगळा वेचला. एकेक दाणा.

१७ जानेवारी, शनिवार

शेपूट पूर्ण! आडवं आणि उभं, दोन्ही. काटकोन तीन ठिकाणी तपासला. फक्त पाच संध्याकाळी लागल्या.

बाबांना दाखवलं. त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, खिडकीशी नेलं, खूप वेळ बघितलं आणि म्हणाले, पुरे आता, पंखांकडे वळ. बाबांकडून 'पुरे' हा शब्द मी आयुष्यात प्रथमच ऐकला. यापलीकडे कौतुक नाही.

तरी उभं शेपूट पुन्हा करणार आहे. खालच्या टोकाला डिंकाचा थेंब दिसतोय.

१८ जानेवारी, रविवार

महत्त्वाचा निर्णय घेतला, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबांच्या ड्रॉइंगवर एकच पंख काढलेला आहे, डावा. शेजारी त्यांच्या अक्षरात लिहिलंय: उजवा उलटून. याची बाबांची एक पद्धत आहे. डावा पंख ड्रॉइंगवर ठेवून जुळवायचा. तो झाला की कागदाला खोबरेल तेल चोळायचं. तेलाने कागद आरपार दिसायला लागतो, मग तो पालथा घालून त्यावर उजवा पंख जुळवायचा. लहानपणी घरात डोक्याचं तेल सारखं संपायचं ते यामुळेच.

आज बाबा म्हणाले, आईची बाटली घे आणि तेल लाव, विसरू नको. मी हो म्हटलं. हो म्हणजे ऐकलं.

पण १९९६ सालचं, त्यांच्या सहीचं मूळ ड्रॉइंग, त्याला मी तेल फासू? ऑफिसात मूळ प्रतीवर कोणी चहाचा कप ठेवला तरी मी मेमो काढते. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, प्रतीवर काम करायचं. स्टेशनजवळ जाऊन दोन झेरॉक्स काढल्या. एकीवर हिरव्या शाईने 'डावा', दुसरीवर लाल शाईने 'उजवा' लिहिलं. खाली सही, तारीख. मूळ ड्रॉइंग प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये.

बाबांना सांगितलं नाही. नंतर ड्रॉइंग कोरं करकरीत बघून आपोआप कळेल.

२५ जानेवारी, रविवार

डावा पंख तयार. सगळीकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आत. टेबलावर ठेवला आणि लांबून बघितला, मग बसून बघितला, मग आरशातून बघितला.

१ तारीख जमणार नाही हे आज सगळ्यांना सांगितलं. नवी तारीख २२ फेब्रुवारी. दीप्ती फोनवर म्हणाली, ताई, कॉटेजवाला एकदा बदलून देतोय, दुसऱ्यांदा देणार नाही. मी म्हटलं, दुसऱ्यांदा वेळच येणार नाही. अनय मागून ओरडला, ताई, विमान बनवतेस की विमानतळ?

बाबांना विचारलं, चालेल ना? ते म्हणाले, चालवायचं. म्हणजे घाई नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

आई बाबांच्या शर्टांची बटणं काढून टिचबटणं लावत बसली होती. पाच शर्ट झाले, दोन राहिले. मला म्हणाली, हातातलं ठेव आणि दोन तू लाव. मी म्हटलं, आई, डिंक वाळतोय, आत्ता हलता येत नाही. तिने दोन्ही स्वतःच लावले. या घरात कुणाला वाळण्याचा कालावधी समजत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार. संध्या. ७.२०

उजवा पंख तयार!! दोन्ही पंख वजनात सारखे, लांबीला सारखे. एकावर एक ठेवले तर कड कडेला लागते. इतके सारखे पंख बाबांनीसुद्धा कधी केले नसतील. (हे बोलले नाही.)

बाबांनी दोन्ही हातांत घेतले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, छान केलेस गं, धडाला चिकटवायची घाई करू नको.

चक्क 'छान'. रुचिराला मेसेज केला.

८ फेब्रुवारी, रविवार

जयवंतकाका आले होते. बाबांच्या कारखान्यातले जुने मित्र, तिथे तपासनीस होते. मी स्वतःहून पंख आणून दाखवले. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला, दोन्ही पंख दोन बाजूंना धरले, आणि बाबांना म्हणाले, श्यामसुंदर, अरे हे दोन्ही डावे आहेत.

मी म्हटलं, शक्य नाही, याच्यावर उजवा लिहिलंय. काकांनी तो उजव्या बाजूला धरून दाखवला. पुढची गोल कड मागे गेली. पालथा केला, तर कड पुढे आली पण पंखाचं पोट वर. काका म्हणाले, तुझ्या विमानाला एका दिशेला जायचंय आणि एका पंखाला दुसऱ्या. मग इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पाणी मीच दिलं.

लाल शाईची झेरॉक्स काढून बघितली. तीही डावीच. अर्थात. दोन्ही एकाच कागदाच्या प्रती होत्या.

सगळ्यात वाईट पुढेच. बाबांना बुधवारीच कळलं होतं. चार दिवस! मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत? तर म्हणे, तू इतकं मन लावून केलं होतंस. आई म्हणाली, तुला काही सांगायचं म्हणजे आधी पंचांग बघावं लागतं.

म्हणजे चार दिवस वाया गेले ते माझ्यामुळे नाही, हे इथे नोंदवून ठेवते. चूक पद्धतीत नव्हती. मूळ प्रत आजही स्वच्छ आहे.

आणि एका अर्थी डावा पंख आता स्पेअरमध्ये आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात बाल्साची दोन मिलिमीटरची शीट नाही. वीस दिवस लागतील, दुकानदार म्हणाला. बाबा म्हणाले, त्या बाद केलेल्या फासळ्या वापर, त्यात चांगल्या होत्या. मी सांगितलं, त्या नष्ट केल्या. बाबा म्हणाले, मोडल्यास? अकराच्या अकरा? मी म्हटलं, नियम आहे. ते बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसले. गोळीचा परिणाम असेल. सुस्ती येते म्हणतात.

अनयचा फोन. ताई, ऐक ना यार, २२ तारखेपुरते थर्माकोलचे करतो, तुझे नंतर लावू. मी स्पष्ट सांगितलं की बाबांना ते चालणार नाही. त्याने विचारलं, बाबांना विचारलंस? काही गोष्टी विचारायच्या नसतात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांसोबत डॉक्टरकडे आई गेली. मला सुट्टी मागता आली असती, पण ऑडिट जवळ आलंय. आई म्हणाली, डॉक्टर म्हणाले की झपाट्याने वाढतोय. मी तिला समजावलं की डॉक्टर 'झपाट्याने' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात वर्षं असतात.

नवी तारीख १५ मार्च. सगळ्यांना ग्रुपवर टाकली. कुणी विरोध केला नाही. कुणी काहीच लिहिलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

अनय विमानाचं धड शेपटासकट घेऊन गेला. तोल साधायला नाकात शिसं भरायचंय, त्याच्या गाळ्यात शिसं आहे. चला, निदान त्याच्या जोगं काम त्याला मिळालं. फडक्यात गुंडाळून दिलं. शेपटाला हात लावायचा नाही, असं चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी शेपटालाच लावली.

२२ फेब्रुवारी, रविवार

कॉटेजवाल्याने खरंच तारीख बदलून दिली नाही, म्हणून सगळे मनोरीला गेलेत. नुसताच हवापालट. मला आग्रह झाला, पण मी थांबले. उजव्या पंखासाठी काहीतरी करता येण्यासारखं होतं: मूळ ड्रॉइंग खिडकीच्या काचेवर पालथं धरून, मागून येणाऱ्या उजेडात पेन्सिलने उतरवून घेतलं. तेलाचा थेंबही न लावता! हे बाबांना तीस वर्षांत सुचलं नाही.

घर शांत. सकाळपासून चार तास खिडकीशी उभी. मान धरली.

कुणीतरी जबाबदारीने मागे राहावं लागतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सगळे परत आले. बाबा उन्हाने रापलेत आणि कमालीचे खूश. वरणभात चमच्याने का होईना, दोनदा घेतला. समुद्राची हवा. विचारलं, काय काय केलंत? आई म्हणाली, काही नाही, बसलो. आणि लगेच कुकर लावायला उठली.

अनयने धड परत दिलं. नाकातलं वजन अगदी बरोबर बसलंय. मी विचारलं, पंख नसताना तोल कसा काढलास? म्हणाला, अंदाजे. नशीब असतं एकेकाचं.

१ मार्च, रविवार

शीट आली. कापायला सुरुवात. या वेळी फक्त चार बाद. मी बदलू शकते.

बाबा टेबलाशी येत नाहीत. पूर्वी स्टूल ओढून बसायचे. आता पलंगावरूनच विचारतात, चाललंय ना? आणि मी हो म्हटलं की डोळे मिटून घेतात. कामात लुडबुड नको म्हणून असेल. चांगला गुरू योग्य वेळी बाजूला होतो.

७ मार्च, शनिवार

आई म्हणाली, जरा त्यांच्याजवळ बस. मी म्हटलं, मी जे करतेय ते कुणासाठी करतेय? ती म्हणाली, तेच विचारायचं होतं.

उत्तर द्यायला वेळ नव्हता. मागची पट्टी डिंकात होती.

१३ मार्च, शुक्रवार. संध्या. ६.५०

उजवा पंख तयार. या वेळी खरोखर उजवा. पाच वेळा तपासला. पिवळा कागद ढोलकीसारखा ताणलाय. दोन्ही पंख धडाला बसवले. शेपूट पुन्हा तपासलं. विमान जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना बोलावलं.

सुंदर आहे. हे मी लिहीत नाही, तसं ते आहे.

आई पदराला डोळे पुसत म्हणाली, झालं बाई एकदाचं. बाबांनी पंखाला बोट लावलं. बोट थरथरलं तसा कागद वाजला. म्हणाले, सुरेख. मग म्हणाले, जायलाच हवं का गं मनोरीला?

मी म्हटलं, बाबा, तुमची इच्छा होती.

१५ मार्च, रविवार

क्रमाने लिहिते.

मार्व्याहून फेरीबोटीने पलीकडे. विमान माझ्या मांडीवर, खोक्यात. धक्क्यावर उतरलो तर तिथली चहावाली बाबांना बघून ओरडली, काका, आज परत इमान? त्या दिवशी काय गेलं होतं, पार त्या जाळ्यांच्या पलीकडं!

मला वाटलं, दुसऱ्या कुणाशी बोलतेय. मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

अनय म्हणाला, ताई, सांगणारच होतो. दीप्ती म्हणाली, खोटं नको बोलू रे, नव्हतो सांगणार. मग सगळं आलं. थर्माकोलचे पंख अनयने २१ तारखेला कापले. २२ तारखेला बाबांनी याच वाळूत उभं राहून विमान फेकलं. तीनदा. तिसऱ्यांदा ते समुद्रात गेलं, एका होडीवाल्याने आणून दिलं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? आई म्हणाली, सांगितलं असतं तर तू जेवली नसतीस. मी विचारलं, मग तीन आठवडे मी हे कशासाठी करत होते? शेवटी बाबा म्हणाले, तुझं छान चाललं होतं गं. तेवढा वेळ घरात असायचीस.

अनयने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मला पाठव म्हटलं. अठरा सेकंदांचा आहे. बाबा दोन पावलं धावतात, हो, धावतात, आणि हात सुटतो. विमान जातं. आई 'अगंबाई' म्हणते. बाबा वळून कॅमेऱ्याकडे बघून हसतात. वरचे दात सगळे दिसतात. शेवटी अनयचा आवाज: ताईला सांगू नका हं कुणी.

थर्माकोलचा उजवा पंख एक बोटभर वाकडा आहे. स्पष्ट दिसतो.

मग वाळूत गेलो. एवढं आणलंय तर, असं आईच म्हणाली. बाबांनी माझं विमान हातात घेतलं. बोटं मिटली, पण मग सुटेनात. हात मागे नेला, पुढे आणला, विमान हातातच. पुन्हा. पुन्हा हातातच. तिसऱ्यांदा त्यांनी हात मागे नेलाच नाही. अनयने एकेक बोट उघडून विमान सोडवलं आणि माझ्याकडे दिलं. बाबा म्हणाले, तू टाक.

मी म्हटलं, आज वारा फार आहे.

होड्यांवरची निशाणं खाली लोंबत होती, हे खरं. पण वरच्या थरात वारा असतो. अशा हवेत नवं विमान फेकणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. बाबा म्हणाले, टाक गं, पडलं तर पडलं. मी खोक्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

परतीच्या बोटीत बाबा आईच्या खांद्यावर झोपले होते.

१६ मार्च, सोमवार

आज ऑडिट. सगळ्या नोंदी बिनचूक निघाल्या. ऑडिटर म्हणाले, तुमच्या सहीचा कागद आम्ही दुसऱ्यांदा बघत नाही.

जेवणाच्या सुट्टीत रुचिराने विचारलं, काय गं, उडालं का? मी हो म्हटलं. बाबांनी फेकलं? हो. दाखव ना, व्हिडिओ असेल ना?

दाखवला. ती म्हणाली, अय्या, किती खूश दिसतायत काका. आणि मग, पंख तूच केलेस ना?

मी हो म्हटलं.

ती म्हणाली, मला पाठव, आईला दाखवते. पाठवला. आधी शेवटचे तीन सेकंद कापले. तिथे काही नाही, नुसता वाऱ्याचा आवाज आहे.